डाव्या कानाची चोरी

१

"चोर विचित्र आहे, मावशी. दोनातलं एकच नेलंय," कुशल फोनवर सांगत होता.

बुधवारची सकाळ. कार्डिफच्या आमच्या किचनमध्ये मी पोहे परतत होतो आणि फोन स्पीकरवर टाकून सुलक्षणा कोथिंबीर निवडत होती. सुलक्षणा म्हणजे माझी बायको. तिनं सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलमध्ये ऑडिऑलॉजिस्ट म्हणून केली. लोकांचे कान तपासायचे, कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, मशीन बसवून द्यायचं. मागच्या वर्षी ती रिटायर झाली. मी तिच्या आधीच झालो होतो. त्यामुळे पोहे माझ्याकडे आले.

"एकच म्हणजे? नीट सांग," ती म्हणाली.

"देविकाचे इयरपीस. उजवं आहे, डावं गायब. डबीची चेनसुद्धा व्यवस्थित लावून ठेवलीय."

सुलक्षणाचा हात थांबला. देविका ही तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीची, अर्चनाची मुलगी. जन्मली आणि वाढली ग्लासगोत, तिथल्याच एका शाळेत शिकवते आणि गाते. उत्तर समुद्राच्या काठावरच्या देशांची एक गाण्यांची स्पर्धा असते, प्रत्येक देशाचं एक गाणं. यंदा ती नॉर्वेत, बर्गनला व्हायची होती आणि स्कॉटलंडची एंट्री म्हणून निवड झाली होती आमच्या देविकाची! गाणं स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतलं. धुक्यात हरवलेल्या नावांना किनाऱ्यावरच्या बायका हाका मारतात, असं काहीतरी. आणि त्याला चाल लावली होती नागपूरहून ग्लासगोला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेल्या या कुशलनं. निवड जाहीर झाली त्या दिवशी कार्डिफच्या मराठी मंडळानं रस्त्यावर ढोल काढायचा तेवढा बाकी ठेवला होता.

स्टेजवर गाताना गायकाच्या कानात जे इयरपीस असतात, ते कवळीसारखे. ज्याचे त्यालाच बसतात. ख्रिसमसला देविका आमच्याकडे आली होती, तेव्हा सुलक्षणानंच तिच्या कानांचा साचा घेऊन कंपनीला पाठवला होता.

"पण ते दुसऱ्या कुणाच्या कानात बसणारच नाही. मग चोरून काय उपयोग?" मी मध्येच विचारलं.

"तेच ना, काका. आणि सोमवारी फ्लाइट आहे. कंपनी म्हणते जुनं माप चालणार नाही, नवीन साचा पाहिजे. मावशी, तुम्ही याल का? आजच?"

"अरे, ग्लासगोत ऑडिऑलॉजिस्टचा दुष्काळ पडलाय का?"

मग कुशल म्हणाला, "देविका दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देत नाही. प्लीज या, मावशी."

फोन ठेवून सुलक्षणानं कोथिंबीर बाजूला सारली.

"अहो, गॅस बंद करा. ग्लासगोला जायचं तर क्रू स्टेशनला गाडी बदलावी लागेल. आणि माझी तपासणीची बॅग माळ्यावरून काढा."

ट्रेनमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर मेंढ्या, भिंती, पुन्हा मेंढ्या. लँकेस्टर गेल्यावर म्हणाली, "चोराला इयरपीस नकोच होतं."

"मग काय हवं होतं?"

"ते नसल्यामुळे जे घडेल, ते. पण काय घडायला हवं होतं त्याला?"

२

सराव एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये चालला होता. आम्ही आत शिरलो तशी देविका धावत आली आणि सुलक्षणाच्या गळ्यात पडली.

"मावशी, एवढ्या लांबून आलीस! मी कुशलला म्हटलं होता, मावशीला त्रास नको."

देविकाचं मराठी असंच, लिंगाची मोडतोड करत चालणारं. पण गोड. चेहरा मात्र ओढलेला दिसला.

"त्रास कसला? चल, आधी साचा घेऊ. दहा मिनिटांचं काम."

"आत्ता नको, रिहर्सल आहे. उद्या," असं म्हणून ती स्टेजकडे गेलीसुद्धा.

सुलक्षणा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मग आम्ही मागच्या खोलीत गेलो. तिथं फर्गस होता. आवाजाची सगळी यंत्रणा सांभाळणारा, लाल दाढीचा, मोठ्या देहाचा माणूस. त्यानं ती डबी आमच्यापुढे ठेवली.

"काल सराव संपल्यावर मी स्वतः दोन्ही इयरपीस यात ठेवले," तो म्हणाला. "डबी इथं टेबलावरच होती. सकाळी उघडली तर हे असं."

"काल खोलीत कोण कोण होतं?"

"देविका. कुशल. एली, म्हणजे आमची साथीची गायिका. देविकाची आई सगळ्यांसाठी जेवण घेऊन आली होती. आणि मी. बाहेरचं कुणी नाही, दाराला कोड आहे."

सुलक्षणानं चेन उघडली. आत काळ्या फोममध्ये दोन खोबणी. उजवीत इयरपीस. डावीत पांढरा टिश्यू पेपर घडी करून नीट बसवलेला.

"हा टिश्यू तुम्ही ठेवलात?"

"नाही. सकाळपासून तो तसाच आहे."

तिनं डबी हलवून पाहिली. काहीच वाजलं नाही. टिश्यू काढून पुन्हा हलवली. उजवं इयरपीस खोबणीतून निसटून खडखडलं.

"टिश्यू नसता तर हे आपटून खराब झालं असतं," ती म्हणाली. "चोरानं जाताना उरलेल्याची काळजी घेतली."

फर्गसनं दाढी खाजवली. जरा घुटमळून म्हणाला, "एक सांगतो. रविवारपासून देविकाची तक्रार होती की डावीकडे काही येत नाही. मी माझ्या मशीनवर लावून पाहिलं, स्वतःच्या कानाशी धरून ऐकलं. डावं ठणठणीत होतं! शेवटी ती म्हणाली, सगळं उजवीकडेच दे. गायकांचे नखरे असतात. दिलं."

बाहेर आल्यावर मी सुलक्षणाला बाजूला घेतलं. "उलगडलं. डावं खरंच बिघडलं होतं. फर्गसकडून बिघडलं असणार. बिंग फुटू नये म्हणून त्यानंच गायब केलं."

"मग तक्रारीची गोष्ट आपणहून सांगितली कशाला? आणि अहो, बिघडलेली वस्तू लपवणारा माणूस शेजारच्या वस्तूला टिश्यूची उशी करून देतो का?"

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्याकडे कधी येणार? सगळ्यांचा संशय तर माझ्यावरच आहे."

३

ती एली होती. पंचविशीची, काटक, डोळे रडून सुजलेले.

"नियम माहीत आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मुख्य गायिका गाऊ शकली नाही, तर राखीव गायिका गाते. राखीव मी आहे. म्हणजे चोरही मीच, नाही का?"

"बस गं," सुलक्षणा अगदी मराठीत म्हणाली आणि मग इंग्रजीत वळली. "तू चोर आहेस असं मला वाटत नाही. पण तू चिडलेली आहेस. का?"

एली बसली. म्हणाली, "पहिल्या दिवसापासून मी स्टेजवर तिच्या डावीकडे उभी राहते. कॅमेरा त्या बाजूला आहे. माझी आजी बेटावर राहते, टीव्हीवर मला बघणार म्हणून तिनं नवा चष्मा केलाय. आणि रविवारी देविका अचानक म्हणाली, तू उजवीकडे ये. उजवीकडे मी कीबोर्डच्या मागे, अंधारात. का म्हणून विचारलं तर म्हणाली, असंच."

"भांडलात?"

"मी भांडले. ती नुसती सॉरी म्हणत राहिली. काल मलाच वाईट वाटलं. गाणं सुरू व्हायच्या आधी सवयीनं जुन्याच जागी गेले होते, तेव्हा तिच्या अगदी कानाशी जाऊन म्हटलं, 'मी चुकले, माफ कर.' तिनं वळूनही पाहिलं नाही. दगडासारखी उभी." एलीनं नाक पुसलं. "मला तिची जागा नको होती. मला फक्त तिनं माझ्याकडे बघायला हवं होतं."

सुलक्षणानं तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "जुनी जागा म्हणजे तिच्या डावीकडची?"

"हो. का?"

हॉस्पिटलच्या दिवसांत, वाईट बातमी सांगायच्या आधी सुलक्षणाचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

४

संध्याकाळी आम्ही अर्चनाकडे जेवायला होतो. अर्चना भूल देणारी डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान संजय अचानक गेले, तेव्हापासून घरात या दोघीच. स्वयंपाकघरात ती कढीला फोडणी देत होती आणि सुलक्षणा शेजारी उभी राहून ऐकत होती. मी कोशिंबिरीच्या काकड्या कोचत होतो.

"सुलू, तुला खरं सांगू? इयरपीस हरवलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं," अर्चना म्हणाली. "आठवडा झाला पोरीच्या सर्दीला. चेहरा बघितलास ना? मला विचारशील तर जाऊच नये तिनं. पण मी चोरलं नाही हं."

"माहितीये गं."

"आणि माझ्याशी धड बोलत नाही. सोमवारी मला हॉस्पिटलला सोडायला आली. गाडी ती चालवत होती. मी शेजारी बसून संजयबद्दल बोलत होते. किती दिवसांनी बोलले असेन! म्हटलं, बाबा असते तर बर्गनला नाचत आले असते. तर एक शब्द नाही. समोर बघत गाडी चालवत राहिली. मी गप्प बसले. आणि उतरल्यावर हीच मुलगी गळ्यात पडून म्हणते, बाय आई, लव्ह यू. काय समजायचं मी?"

कढी उतू जाणार होती. सुलक्षणानंच गॅस कमी केला.

जेवायला कुशलही आला. चष्मेवाला, शांत मुलगा. देविका टेबलाच्या एका कडेला बसली होती. तिच्या उजवीकडची खुर्ची आपल्याकडे ओढून तो बसला. डाव्या हाताला टेबलाच्या टोकाशी अर्चना होती.

"देवू, भात वाढू?" अर्चनानं विचारलं.

देविका ताटातली कोशिंबीर खात राहिली.

"काकू विचारताहेत, भात पाहिजे का," कुशल सहज म्हणाला.

"हो आई, थोडीशी."

असं दोनदा झालं. मला आपलं वाटलं, प्रेमात पडलेलं पोरगं आहे, तिच्या वतीनं भातसुद्धा मागणार. जेवण झाल्यावर सुलक्षणानं साच्याचा विषय काढला. देविका पुन्हा म्हणाली, "उद्या, मावशी. नक्की."

सकाळी चहा घेताना मी माझी नवी थिअरी मांडली. "देविकानंच ते लपवलंय. तिच्या डाव्या कानाला काहीतरी झालंय आणि ते तिला झाकायचंय."

"पहिली गोष्ट बरोबर," सुलक्षणा म्हणाली. "डाव्या कानाला झालंय. एलीचं सॉरी, गाडीतलं अर्चनाचं बोलणं, फर्गसचं ठणठणीत इयरपीस, सगळं डावीकडे जाऊन थांबतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे शेजारच्याचं बोलणं त्याच्या डाव्या कानावर पडतं. पण लपवलं तिनं नाही. जिला कान झाकायचाय, ती बाई कान बघणाऱ्याला बोलावणं जाईल असं काही करेल का? कालपासून मला टाळतेय ती."

"मग?"

ती उठली आणि इयरपीस बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. नाव सांगितलं, साच्याचं विचारलं. दोन मिनिटं नुसतं 'हो, हो' करत ऐकलं आणि फोन ठेवला.

"ख्रिसमसला पाठवलेला साचा त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जसाच्या तसा आहे. त्यावरून नवीन डावं करून उद्याच्या कुरियरनं पाठवतो म्हणाले. नव्या मापाची काही गरजच नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आणि अहो, त्यांना याबद्दल ग्लासगोहून आजवर कुणाचाही फोन गेलेला नाही."

५

रहस्यकथेच्या शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात. सुलक्षणानं उलटं केलं. हॉलवर पोचल्याबरोबर मागच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं. राहिले देविका, कुशल, आणि बॅग धरायला मी.

"कुशल," ती म्हणाली, "इयरपीस दे."

त्यानं नाही म्हटलं नाही, की आश्चर्यही दाखवलं नाही. गिटारची केस उघडली, तारा ठेवायच्या कप्प्यातून एक मऊ पिवळं फडकं काढलं आणि उलगडून टेबलावर ठेवलं. आत डावं इयरपीस होतं.

देविका उभी राहिली. "तू? कुशल, तू?"

"रागावू नकोस," सुलक्षणा म्हणाली. "आधी बस. माझ्याकडे तोंड करून. हां. किती दिवस ऐकू येत नाही?"

देविका बसली. मग सगळं एकदम आलं. "शनिवारी सकाळी उठले तर... जसं कोणी कापूस घातलं होतं. मला वाटला सर्दी आहे. उघडेल. कान दुखत पण नाही, मावशी. नुसता सूं सूं आवाज. मी फक्त कुशलला सांगितला. कमिटीला कळलं तर मेडिकली अनफिट म्हणतील. आईला कळलं तर..." ती थांबली. "बाबा गेल्यापासून आई माझ्या शिंकेला पण घाबरते."

सुलक्षणानं टॉर्चच्या भिंगातून तिचे दोन्ही कान पाहिले. स्वच्छ होते, मळ नव्हता. मग बॅगेतून ट्यूनिंग फोर्क काढला, दोन दातांचा तो लोखंडी काटा. गुडघ्यावर आपटून त्याची दांडी देविकाच्या कपाळावर मधोमध टेकवली.

"आवाज कुठं ऐकू येतो? मध्ये, डावीकडे, की उजवीकडे?"

"उजवीकडे."

"नीट ऐक. पुन्हा."

"उजवीकडेच, मावशी."

सुलक्षणानं काटा मुठीत धरून शांत केला. मला एवढ्या वर्षांत तिच्याकडून ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं. सर्दीनं किंवा मळानं कान बंद असेल, तर कपाळावरचा आवाज बंद कानात मोठा येतो. चांगल्या कानाकडे पळाला, तर दुखणं आत, नसेत असतं.

"बेटा, ही सर्दी नाही," ती अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "आतली नस अचानक रुसलीये. असं होतं कधी कधी, का ते डॉक्टरांनासुद्धा सांगता येत नाही. पण याला वेळ घालवायचा नसतो. लवकर औषध सुरू झालं तर कान परत यायची आशा असते. बर्गनहून येईपर्यंत थांबली असतीस, तर कदाचित ती गेली असती."

देविका कुशलकडे वळली. "तू मला हेच सांगत होतास."

"रविवारपासून सांगतोय," तो म्हणाला. "मी वाचलं होतं. तू म्हणालीस, बर्गन झाल्यावर. आणि माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. म्हणालीस, कुणाला सांगितलंस तर माझी गळ्याशपथ."

आईकडून शिकलेली, देविकाला येणारी ती एकुलती एक मराठी शपथ असावी. आम्ही शाळेत पेन्सिलीसाठी घ्यायचो.

"मी असल्या गोष्टी मानत नाही, मावशी," कुशलनं चष्मा काढून पुसला. "पण दुसरं काहीही चाललं असतं. तिच्या गळ्यावर हात ठेवून दिलेला शब्द माझ्यानं मोडवेना. तो गळा... म्हणजे, तो गळा आहे ना. मग विचार केला, सांगायचं नाही, पण कळेल असं काहीतरी करता येईल. दुसरा कुणी आला असता तर दहा मिनिटांत साचा घेऊन गेला असता. तुम्ही आलात तर न सांगता ओळखाल, एवढं माहीत होतं."

"म्हणून डावं."

"म्हणून डावं. उजवं तिला लागतं."

"आणि टिश्यू?"

तो ओशाळला. "ते वाजत होतं आत."

देविका उठून त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता मारते. तिनं त्याचा चष्मा त्याच्या हातातून घेतला, आपल्या कुर्त्याच्या टोकानं नीट पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर बसवला.

"इडियट," ती म्हणाली. "चोर." आणि रडायला लागली.

सुलक्षणा माझ्याकडे वळली. "अहो, अर्चनाला फोन लावा. आता खरी परीक्षा."

६

अर्चना तडक आली. सुलक्षणानं तिला दारातच सगळं सांगितलं. ती ओरडेल, पोरीला झापेल अशी मी मनाची तयारी केली होती. ती देविकाजवळ जाऊन बसली, आधी डावीकडे. मग लक्षात येऊन उठली आणि उजवीकडे जाऊन बसली.

"गाडीत मी बोलत होते, ते तुला ऐकूच आलं नाही?"

"कधी, आई?"

"सोमवारी. बाबांबद्दल."

"तू बाबांबद्दल बोललीस?" देविकानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आता सांग ना. परत सांग."

अर्चनानं सांगितलं. आम्ही बाहेर गेलो.

पुढचं सगळं तिनं डॉक्टरच्या तडफेनं केलं. दुपारी कानाच्या तज्ज्ञांनी देविकाला तपासलं आणि निदान तेच निघालं. त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आशा आहे, खात्री देत नाही. गायलं म्हणून कान आणखी बिघडणार नाही, विमानानं जायलाही हरकत नाही, मात्र चांगल्या कानावर मोठा आवाज नको. जायचं की नाही ते तिनं ठरवावं.

देविकानं कमिटीला खरं ते कळवलं. त्यांनी राखीव गायिकेला विचारलं. एली म्हणाली, "तिला गाता येत नसेल तेव्हा मला विचारा. आत्ता तिला गाता येतंय." मग देविकाकडे गेली आणि तिच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलली. काय ते आम्हाला कळलं नाही, पण दोघी बराच वेळ एकमेकींना सोडत नव्हत्या. फर्गसनं सगळं संगीत उजव्या इयरपीसमध्ये, हळू आवाजात बसवून दिलं. तिला नखरेल म्हटल्याबद्दल त्यानं सुलक्षणासमोर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

कुशलनं माझ्याकडे येऊन विचारलं, "काका, चोरीबद्दल काय शिक्षा?"

"ती देईल ना. आयुष्यभर," मी म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही कार्डिफला टीव्हीपुढे होतो. मंडळाची निम्मी माणसं आमच्या हॉलमध्ये, उरलेली जिन्यावर. देविका निळ्या पैठणीचा शिवलेला लांब ड्रेस घालून उभी राहिली. एली उजवीकडे, कीबोर्डच्या मागे. दुसऱ्या कडव्याला देविका चालत चालत मागे गेली, एलीचा हात धरून तिला पुढे उजेडात घेऊन आली आणि उरलेलं गाणं दोघींनी एकाच माइकवर म्हटलं. कॅमेऱ्याला दुसरीकडे बघायला जागाच राहिली नाही. स्कॉटलंड पाचवं आलं. पहिलं कोण आलं ते आमच्या घरात कुणी नीट ऐकलंच नाही, एवढा गलका होता.

कानाचं मात्र तेवढं सोपं नव्हतं. बर्गनहून आल्यावर इंजेक्शनं झाली, ती थेट कानाच्या पडद्यातून. पहिल्या तपासणीत फार फरक नव्हता. सुलक्षणा दर आठवड्याला अर्चनाकडून ऐकण्याचा आलेख मागवायची, चष्मा लावून बघायची आणि काही न बोलता बाजूला ठेवायची. मी विचारलं की म्हणायची, "थांबा." ऐकण्याच्या बाबतीत तिचा धीर मोठा. माझा नाही.

महिना उलटून गेल्यावर एका रविवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"काका, मावशीला द्या ना."

मी फोन सुलक्षणाकडे दिला आणि स्पीकर लावायला गेलो. तिकडून देविका घाईनं म्हणाली, "स्पीकर नको! मावशी, फक्त तू बोल. मी फोन डाव्या कानाला लावलाय. उजव्यात बोट घातलंय, घट्ट. बोल काहीतरी."

दिवसभर तोंड चालणारी माझी बायको. तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला, एकदा माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"जेवलीस का गं?" ती म्हणाली.

पलीकडे काही क्षण काहीच नाही.

मग मला लांबूनसुद्धा ऐकू आलं इतक्या मोठ्यानं देविका ओरडली, "हो मावशी! जेवले! पिठलं!"